आज नको म्हणणारे भीमराव

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आमच्या बार्शीत उठताबसता वापरतात. ती म्हण दोन पायांवर चालत येताना मी पहिल्यांदा चेन्नईत पाहिली. तिचं नाव भीमराव होतं.

उंची सव्वापाच फूट, हातापायांच्या काड्या, कपाळावर काळ्या अंगाराची उभी रेघ, आणि मे महिन्याच्या उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा. हातात छत्री, गळ्यात शिट्टी. भीमराव कुत्र्याला भीत, पालीला भीत, लिफ्टला भीत आणि सरकत्या जिन्याला तर फारच भीत. चालू पंख्याच्या बरोबर खाली ते बसत नसत. नारळाच्या झाडाखालून ते कधी गेले नाहीत, आणि आमचं केंद्र ज्या गावात होतं तिथे नारळाशिवाय दुसरं झाड नव्हतं. त्यामुळे बसथांब्यापासून केंद्रापर्यंतची सरळ वाट भीमराव वाकडीतिकडी चालत यायचे आणि गावातल्या कोळणी मासे निवडता निवडता त्यांच्याकडे बघून हसायच्या.

केंद्र म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेला, किनाऱ्याच्या रस्त्यालगतची एक कौलारू शेड. आत बरण्यांमधले शंख, कासवाच्या कवचाची प्रतिकृती, देवमाशाचा एक मणका, आणि भिंतीवर मुलांसाठी काढलेली चित्रं. शाळांच्या सहली यायच्या. हिवाळा संपता संपता समुद्र निवला, की सकाळी दोन बोटी पाहुण्यांना घेऊन तीन-चार किलोमीटर आत जायच्या, खऱ्याखुऱ्या, मोकळ्या डॉल्फिनांना बघायला. दिसतीलच असं नाही, ही पाटी दारातच लावली होती. नवऱ्याची नोकरी ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात, आमचं घर तांबरमला, मला रविवारी घरात बसवत नसे; म्हणून मी तिथे मुलांना माहिती सांगायला जाऊ लागले. पगार नव्हता आणि मला तो नकोही होता.

भीमराव तंजावरच्या मराठी कुटुंबातले. घराणं तीन पिढ्यांपूर्वी मद्रासला आलेलं. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला वाटलं, बखरीतला माणूस बस पकडून इकडे आला. वाक्याचा शेवट तमिळ चालीवर वर जायचा आणि मध्येच एखादा तमिळ शब्द बसलेला असायचा. आवडी या उपनगरातल्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. कुठलाही जोड पक्का आहे यावर विश्वास न ठेवणं हीच त्यांची नोकरी होती, आणि ती त्यांना मानवली. निवृत्त झाल्यावर ते आवडीहून लोकल आणि पुढे दोन बस करून शनिवार-रविवारी केंद्रावर यायचे. बोटी सोडायच्या की नाही हे ठरवणं त्यांचं काम. एवढ्या भित्र्या माणसाला हे काम कुणी दिलं, असं मी विचारलं होतं. म्हणूनच दिलं, असं संचालक मॅडम म्हणाल्या होत्या.

मी केंद्रात काम करायला लागण्याआधी एकदा पाहुणी म्हणून गेले होते. मुक्ता, माझी लेक, तेव्हा आठ वर्षांची होती. पहाटे उठून, डबे भरून, दीड तास प्रवास करून आम्ही पोचलो. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निपचित. आणि हा किडकिडीत माणूस वाळूत उभा राहून एक नारळाची करवंटी पाण्यात टाकतोय आणि ती कुठे जाते ते बघतोय. दोनदा टाकली, तिसऱ्यांदा टाकली. मग आमच्याकडे येऊन म्हणाला, "आज नको, बाई. पाणी बेस नाहीं."

मी भांडले. बार्शीचं पाणी आहे, भांडायला वेळ लागत नाही. आम्ही मुद्दाम दिवसभर तिथेच थांबलो, म्हणजे काय होतंय ते बघू. काहीसुद्धा झालं नाही. वारा सुटला नाही, लाट उठली नाही, संध्याकाळपर्यंत समुद्र तसाच पडून होता. जाताना मी त्यांना ते ऐकवलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"नाहीं आलें तर बेसच झालें कीं," ते म्हणाले. "आलें असतें म्हणजे काय केलें असतें?"

या प्रश्नानं माझा राग दुप्पट झाला. पुढे ओळख वाढली तसा तो गेला आणि त्याची जागा थट्टेने घेतली. भीमरावांची थट्टा करणं हा केंद्रातला नित्यनेम होता आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे असायचे. ते रागावत नसत. त्यांच्या घरूनच सवय होती म्हणा. रुक्मिणीबाई, त्यांची बायको, एकदा केंद्रावर आल्या होत्या तेव्हा सांगत होत्या, की हे गॅस बंद आहे ना हे पाहायला आवडी स्टेशनातून परत येतात, आणि एकदा तर गॅस बंद आहे हे पाहून झाल्यावर कुलूप लावलं का ते पाहायला पुन्हा परत आले. स्टेशनात ते फलाटाच्या बरोबर मध्यावर, खांबाला पाठ लावून उभे राहायचे. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय खांब सोडत नसत. तोवर बसायची जागा गेलेली असायची.

बोटीत ते कधीच बसले नाहीत. घोट्याच्या वर पाणी येईल एवढेही ते समुद्रात गेले नव्हते. पण दुर्बीण डोळ्याला लावून काठावरून डॉल्फिन हुडकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बोटवाला सेल्वम, ज्याच्या सात पिढ्या त्याच पाण्यात गेल्या, तोही निघण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यायचा. भीमराव छत्रीनं दिशा दाखवायचे आणि बोट तिकडे गेली की राखाडी पाठी दिसायच्याच. मुलं त्यांना राव तात्ता, म्हणजे राव आजोबा, म्हणायची. डॉल्फिनला तिथले कोळी ओंगिल म्हणतात. मुलांना गोळा करून भीमराव सांगायचे, की ओंगिल कधी पूर्ण निजत नाही. अर्धं डोकं निजतं, अर्धं जागं राहून भीत असतं. एक डोळा उघडाच. "पुरतें निजलें म्हणजे बुडून जाईल. भितें म्हणूनच जगतें," असं ते म्हणायचे, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू नात्यातल्या कुणाबद्दल सांगतायत. मुक्ताला ही गोष्ट फार आवडायची. घरी येऊन ती एक डोळा उघडा ठेवून झोपायचा प्रयत्न करायची.

आता चपलांचं सांगायला हवं. त्या गावच्या बोटीत चप्पल घालून पाय ठेवत नाहीत. बोट त्यांची लक्ष्मी. पाहुणे वाळूत चपला काढायचे आणि त्यांचा ढीग व्हायचा. भीमरावांनी त्या ढिगातून एक पद्धत काढली. प्रत्येक जोड उचलून ते ओळीत लावायचे, सगळ्यांची टोकं गावाकडे. समुद्राकडे तोंड करून एकही चप्पल ते राहू देत नसत. बोटी परत आल्या की माणसं एकेक करून चपला घालायची आणि ओळ कमी होत जायची. शेवटचा जोड उचलला गेला की भीमराव सेल्वमला हात करायचे, मगच बोटी वर ओढायच्या. नावांची यादी असायची, मॅडमनी छापूनही घेतली होती, पण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. कागदाला नांव असतें, पाय नसतात, असं त्यांचं म्हणणं. एक जण नाव लिहितो आणि ऐन वेळी घरी राहतो, दुसरा न लिहिता चढतो. चप्पल मात्र लटकें बोलत नाही.

इतकी साधी, इतकी चोख युक्ती. तिच्यात छिद्र पाडायला आमच्यासारखी माणसं लागली.

त्या वर्षी भीमरावांचं आसन डळमळायला लागलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. लांबून लांबून लोक येत आणि हे 'आज नको' म्हणून परत पाठवीत. तक्रारी गेल्या. मॅडम त्यांना मानायच्या, पण त्यांच्यावरही समिती होती. तिनं सांगून ठेवलं होतं की आता राव सरांमुळे आणखी काही घोटाळा झाला तर दुसरा माणूस बघावा लागेल. भीमरावांनी हे मला एकदाच सांगितलं, बसची वाट बघताना. बालपणापासून सगळे मला भित्रा म्हणून हसले, म्हणाले. कारखान्यात हसले, लग्नात हसले. भिण्याचा कुणाला उपयोग झाला तो इथेच. हे गेलं तर मी नुसता भित्रा राहीन. ते हे अगदी साधेपणानं बोलले, आणि तेवढ्यात बस आली.

नंतर फेब्रुवारीतला तो रविवार. आमच्या मराठी मंडळाची सहल मीच ठरवली होती. ओरगडम आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांतली आठ-नऊ कुटुंबं, सगळी महाराष्ट्रातून आलेली, पोराबाळांसह बावीस माणसं. भीमराव करवंटी टाकून अर्धा तास बघत बसले. मी मनात देव पाण्यात घातले होते, कारण आज त्यांनी नको म्हटलं असतं तर बावीस जणांत माझं नाक कापलं गेलं असतं. शेवटी ते म्हणाले, जा, पण नऊच्या आत या.

सगळे चपला काढू लागले. आपल्या लोकांना देवळाच्या दारात चपला चोरीला जाण्याची जी धास्ती असते ती हाडात मुरलेली असते. मुक्ताचे सँडल नवे होते, वाढदिवसाचे, लाल पट्ट्यांचे. मी देवळात नेते तशी कापडी पिशवी आणलीच होती. सवयीनं ते सँडल पिशवीत घातले, पिशवी शेडमध्ये खुंटीला टांगली आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भीमराव, एवढी घाबरणारी माणसं पहाऱ्याला असतील तर चपला कोण सांभाळणार?" लोक हसले. भीमराव खाली वाकून जोड लावत होते. थोड्या वेळानं ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वैशालीबाई, एक विचारूं?"

मला बोटी सोडायची घाई होती. मी म्हटलं, "आता काय झालं, लाटेला ताप आलाय का?" त्यावर तर सगळेच खो खो हसले. "कांहीं नाहीं," म्हणून भीमराव परत गेले.

मी पहिल्या बोटीत होते. मुक्ताला तिच्या मैत्रिणीबरोबर, मंडळातल्या कविताच्या प्राचीबरोबर बसायचं होतं म्हणून ती दुसऱ्या बोटीत. डॉल्फिन दिसले. सहा की सात. पाठ वर यायची, श्वासाचा फुस्स आवाज यायचा आणि पाणी पुन्हा मिटायचं. दुसऱ्या बोटीतून मुक्ताचा आवाज मला ओळखू येत होता. येताना मात्र वारा फिरला. फार नाही, आम्हाला कुणाला तो कळलाही नाही. काठाशी लाटा जवळजवळ फुटू लागल्या होत्या एवढंच. आमची बोट नीट लागली. मी उतरून सगळ्यांच्या इडल्या काढायला गेले. दुसरी बोट वाळूला टेकता टेकता आडवी झाली आणि एक लाट तिच्या कुशीत बसली. माणसं कमरेएवढ्या पाण्यात कोसळली. ओरडली, मग हसायला लागली, कारण खालून वाळू पायाला लागत होती. एकमेकांना ओढत, नाकातोंडातलं पाणी काढत सगळे वर आले. बोटीत चढताना सगळ्यांना घालायला दिलेली तरंगायची जॅकेटं काढून ढीग केला. चपला घातल्या. फोटो काढायचा म्हणून कुणीतरी सगळ्यांना बोलावू लागलं.

मी कविताला विचारलं, मुक्ता कुठाय. ती म्हणाली, तुझ्याकडेच आली ना पळत. मला वाटलं नळावर गेली असेल पाय धुवायला. खरंच वाटलं. आपण काहीही वाटून घेऊ शकतो.

ओळ रिकामी झाली होती. एकही जोड उरला नव्हता. भीमरावांनी सेल्वमला हात केला आणि बोटी ओढायला माणसं लागली. आता त्यांनी छत्री उघडून बाजूला बसायला हवं होतं. ते बसले नाहीत. रिकाम्या वाळूकडे बघत तिथेच उभे राहिले. मग ते जॅकेटांच्या ढिगाकडे गेले. जॅकेटं ते एरवी दुपारी धुताना मोजत. त्यांनी उभ्या उभ्या मोजली, पुन्हा मोजली, आणि शिट्टी फुंकली. ती शिट्टी थांबेचना. मी वळून पाहिलं तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते.

"तुमची लेक कुठें आहे?"

मी नळाकडे पाहिलं. नळावर कुणी नव्हतं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. समुद्र तोच होता, ऊनही तेच. मग मी धावले. किनाऱ्याच्या उत्तरेला दगडांचा बांध होता, पाण्यात आतवर गेलेला. प्रवाह तिकडे ओढत होता हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं, मी सरळ पुढच्या पाण्यात निघाले होते. मला पोहता येत नाही. गुडघ्यापर्यंत गेले असेन तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

भीमराव होते. त्यांच्या चष्म्यावर पाणी उडालं होतं, दातावर दात वाजत होते, पण हात सुटत नव्हता. मी त्यांना ढकललं. शिव्या दिल्या. त्यांच्या हाताला मी चावले, हे सांगताना आजही लाज वाटते. एवढ्याशा माणसात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. मान वळवून ते सेल्वमला तमिळमध्ये सांगत होते, बांधाच्या पलीकडे जा, पलीकडे, लवकर. कविताचा नवरा पाण्यात उडी टाकायला निघाला तर त्याच्यावरही ओरडले. मग मला म्हणाले, "तुम्ही गेलांत म्हणजे दोन होतील. एक सापडूं दे, बाई. आधीं एक."

सेल्वमची बोट लाटांवर आपटत गेली आणि बांधाआड दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. मग तोही बंद झाला. तो का बंद झाला असेल याचा मी जो विचार केला तो मी कुणालाही सांगितलेला नाही. भीमराव काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं स्तोत्र असेल. नीट ऐकलं तर ते आकडे होते. पाचशे बारा, पाचशे तेरा. सहाशेच्या पुढे कधीतरी इंजिन पुन्हा सुरू झालं आणि बांधाच्या टोकाला बोट आली. सेल्वमनं एक हात वर केला आणि दुसऱ्या हातानं नारिंगी जॅकेट घातलेलं काहीतरी उभं धरलं. ते हललं.

मुक्ता वाचली. जॅकेटनं तिला वर ठेवलं होतं आणि तिनं बांधाचा एक दगड कवटाळला होता. शिंपल्यांनी दोन्ही तळहात सोलले होते. बस, एवढंच. तिला छातीशी धरून मी वाळूत बसले तेव्हा भीमराव थोड्या अंतरावर जाऊन ओकत होते.

चार दिवसांनी केंद्रात बैठक झाली. मॅडम, समितीतले दोघं, सेल्वम, भीमराव आणि मी. मूल पाण्यात असताना ओळ रिकामी कशी झाली, हा एकच प्रश्न होता. भीमराव उठून उभे राहिले. ओळ रिकामी होती, मी हात केला, चूक माझी, एवढंच म्हणाले. मग मॅडमनी मला विचारलं, मुक्तानं सँडल ओळीतच काढले होते ना?

पिशवी घरी दाराच्या मागे टांगलेली होती. मला सगळं लख्ख दिसत होतं. आणि मला भीती वाटली. आईनंच पोरीला मरणाच्या दारात नेऊन सोडलं, असं मंडळात, कारखान्यात, बार्शीपर्यंत बोलतील याची भीती. नवऱ्याची भीती. मी म्हटलं, "आठवत नाही, गडबडीत होते." खोटं बोलायला मला कधी इतके कमी शब्द लागले नव्हते.

समितीनं भीमरावांचे आभार मानले, तुमच्या प्रसंगावधानामुळे जीव वाचला असंही म्हटलं, आणि आता वय झालं, विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. जाताना त्यांनी मला मुक्ताचे हात कसे आहेत ते विचारलं. त्यांच्या स्वतःच्या मनगटाजवळ माझ्या दातांची खूण काळीनिळी झाली होती आणि ती झाकायला त्यांनी बाही पुढे ओढून घेतली होती.

तीन आठवडे मी कुणाशी धड बोलले नाही. डोळा लागला की इंजिन बंद पडायचं. एका दुपारी मुक्ता अभ्यास करता करता म्हणाली, "आई, माझे सँडल पिशवीत होते हे तू राव तात्तांना सांगितलंस का?" तिनं सहज विचारलं होतं. मी दुसऱ्या दिवशी आवडीला गेले.

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. तळमजला पुरात जातो आणि दुसऱ्यावरून पडलं तर माणूस वाचत नाही, म्हणून पहिला, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. रुक्मिणीबाईंनी कॉफी दिली. मी कॉफीला हात न लावता सगळं सांगून टाकलं. पिशवी, खुंटी, बैठकीतलं खोटं. रडले नाही, रडायचा मला हक्क वाटला नाही.

भीमराव ऐकत होते. मग म्हणाले, "मला ठाऊक होतें."

मला वाटलं, नंतर कळलं असेल. तसं नव्हतं. "तुम्ही सँडल पिशवींत घालतांना मी पाहिलों होतों. लहान जोड सहा पाहिजे, पांचच होते. तेंच विचारायला आलों होतों." ते सदऱ्याचं बटण चाचपत बसले. "अस्के लोक हसले. पुन्हा विचारलों तर पुन्हा हसतील म्हणून भ्यालों, बाई. समुद्राचें भय होतें तें त्या भयापुढें विसरलों. हात केला तेव्हां पांचांचाच हिशोब डोक्यांत होता. उभा राहिलों तेव्हां सहावा आठवला."

मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे सांगितलं, की मॅडमना यातलं काही सांगू नका, कारण त्या परत बोलावतील. माणसाच्या हसण्याला जो भितो त्यानं तिथे उभं राहू नये. मी अर्थातच सांगितलं. मॅडमनी फोन केला, खुद्द आवडीला गेल्या. भीमराव आले नाहीत. पुढच्या वर्षी ते मुलाकडे कोइमतूरला राहायला गेले. तिथे समुद्र नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी चारच्या लोकलसाठी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि घरी पोचल्यावर फोन करा म्हणाले. खाली रस्त्यावर आल्यावर मी वर पाहिलं. ते गॅलरीत होते, पण कठड्यापासून दोन हात मागे, त्यामुळे ते मला दिसलेच नाहीत. वर केलेला त्यांचा हात तेवढा दिसला, पांढऱ्या बाहीतला.

घरी आले, मुक्ताचा डबा धुतला, कणीक मळली, जेवायला वाढलं. फोन करायचं साफ विसरले. साडेसात वाजता फोन वाजला. रुक्मिणीबाई होत्या.

"पोंचलांत न्हवे?"

मी कपाळावर हात मारला. पोचून दोन तास झाले, म्हटलं, चुकलंच माझं. आणि भीमराव कुठे आहेत, त्यांनी का नाही केला फोन?

"हिकडेच आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साडेपांचपासून तुमचा नंबर काढून बसलेत. तुम्ही उचलला नाहीं तर, म्हणून बटण दाबायला भितात."

मी पोचल्याचं त्यांनी तिकडे सांगितलेलं मला ऐकू आलं. मग भीमरावांनी काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही.

"लेक कुठें आहे म्हणून विचारतात," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"इथंच आहे," मी म्हटलं. "माझ्याजवळ बसून जेवतेय."